न लावलेली सुई

दैवशालाने हिरवा गाऊन घडी घालून बाकावर परत ठेवला आणि उजव्या डोळ्यावर पदर ओढला. चार महिन्यांत तो डोळा पुढे आला होता. त्याच्यामागे गाठ असल्याचं फोटोत दिसलं होतं.

"चला दाजी, जाफराबादची बस मिळंल अजून," ती म्हणाली.

तातेराव उठला नाही. दैवशाला त्याच्या बायकोची, उषाची, धाकटी बहीण. उषाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिची गाठ मानेत होती आणि तिलाही त्याने जालन्याच्या याच दवाखान्यात आणलं होतं.

डॉक्टर कहकशा मॅडम सकाळीच समजावून गेल्या होत्या. जागा बधिर करायची, मशीनच्या फोटोत सुईचं टोक कुठवर गेलं ते बघत बुबुळाला धक्का न लावता बाजूने आत जायचं, आणि तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा. गाठ कसली ते त्यावरून कळेल, मग औषध ठरेल. साधी निघाली तर गोळ्यांनीही बसेल. दैवशालाने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, गाठीला लोखंड लागलं की ती पसरते ना? मॅडम नाही म्हणाल्या. दैवशालाने तातेरावकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"मॅडमनं अक्काला न्हाई बघितलं," ती आता म्हणाली. "आपून बघितलं. सुई लागली आन् तीन महिन्यांत गेली."

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तेराव्याला तातेरावनेच सांगितलं होतं. तेव्हापासून कुणाला गाठ आली की उषाबाईचं नाव निघायचं.

"गाऊन घाल," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणता व्हय? बोटात काटा मोडला तर अक्कानं सुई काढली की तोंड फिरवून बसणारा माणूस तुम्ही."

एरवी तो हसला असता. त्याने रुमाल काढला, गुडघ्यावर पसरला, पुन्हा घडी घातली.

"उषाला सुई लावलीच न्हाई," तो म्हणाला.

दैवशालाने पदर खाली घेतला. दोन्ही डोळे त्याच्यावर होते.

"या दारापोत्तर आल्तो. मलाच धीर झाला न्हाई. हात धरून माघारी नेलं तिला. मंग लोक इचारू लागले, इतक्या जल्दी कशी गेली. मी सुईचं नाव घेतलं."

समोरून एकजण चाकाच्या खुर्चीत म्हातारीला घेऊन गेला.

"अक्का काय म्हणत होती?"

तातेरावने मान खाली घातली.

"जाऊ द्या मला आत, म्हणत होती."

सिस्टर दार उघडून म्हणाली, काय ते लवकर ठरवा. दैवशाला उठली. गाऊन घेऊन आडोशाला गेली, बदलून आली. कागदावर स्वतःच सही केली. डोक्याचा फोटो असल्याने कानातली फुलं आणि नाकातली चमकी काढायची होती. तातेरावने रुमाल उघडून पुढे धरला. तिने फुलं आणि चमकी काढून सिस्टरच्या हातात दिली.

दाराशी ती थांबली.

"घरी तुम्हीच सांगायचं. सगळ्यांला. मी न्हाई सांगणार."

दार लागलं. वरचा लाल दिवा पेटला. डोकं हलवायचं नाही, असं आतून कुणीतरी सांगत होतं.

तातेरावच्या खिशातला फोन वाजला. दैवशालाचा नवरा कल्याण.

"दाजी, सुई तर न्हाई ना लावू दिली?"

तातेराव बंद दाराकडे बघत होता. मागच्या खेपेला तो याच बाकावरून उठून गेला होता.

"कल्याण," तो म्हणाला, "कुठं हायस? जरा बस खाली. सांगायचंय तुला."