मशीनची थाप

दादाला मी बजावून ठेवलं होतं, सोनोग्राफीला काही खाऊन येऊ नकोस. तर हा गृहस्थ बिस्किटं खाऊन हजर! खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतला खडा नीट दिसत नाही, हे फोनवर घसा फोडून सांगितलं होतं. पण माझं ऐकेल तर तो दादा कसला.

"झोप आता. शर्ट वर घे. पोट आहे का माठ?" मी ओरडले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर वहिनी हसली. तिला आमची भांडणं सवयीची आहेत.

"ए मिरचे, गार आहे की हे!" जेल लावल्यावर दादा किंचाळला. त्याच्या पोटात महिनाभर दुखत होतं. खडाच असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मीसुद्धा.

पोटावर फिरवायचा प्रोब आत आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा, आणि परत काय येतंय ते ऐकत बसतो. लवकर परतला तर वस्तू जवळ, उशिरा परतला तर खोल. एवढ्यावरून मशीन चित्र काढतं. खडा असला की आवाज तिथेच अडतो आणि मागे काळी सावली पडते. मी ती सावली शोधत होते. देवा, एकदा दिसू दे, असं मनात म्हणतही होते. पित्ताशय आकसलेलं होतं, पण त्यात काही नव्हतं.

मग मी प्रोब यकृतावर नेला. तिथे डाग होते, गोल गोल, बरेच. श्वासपटलाच्या वर, फुप्फुसाच्या बाजूलाही तसेच डाग दिसत होते.

मला हायसं वाटलं, खरंच सांगते. कारण मशीन भाबडं असतं. आवाज सरळ गेला आणि सरळ आला, असंच ते धरून चालतं. श्वासपटलावर आपटून, वळसा घालून आला तरी त्याला पत्ता नसतो, आणि ते नसलेल्या जागी नसलेली वस्तू दाखवून मोकळं होतं. आम्ही म्हणतो, मशीनने थाप मारली. थाप असली तर कोन बदलल्यावर टिकत नाही. मी कोन बदलला. वरचे डाग गेले.

खालचे गेले नाहीत.

मी प्रोब तिरका केला, बरगड्यांमधून बघितलं, दादाला कुशीवर वळवलं, चित्र उजळ केलं, मंद केलं. डाग जागचे हलेनात. वरचे खोटेच होते, पण ते आरशातल्यासारखे होते. आरशात काही दिसायचं तर समोर काहीतरी खरं असावं लागतं, हे मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच काम करूनही त्या घडीला सुचलं नव्हतं.

वहिनीचा फोन वाजला. ती बाहेर गेली.

"श्वास घे दादा... धर... हं, छान. दुखतंय का रे? थांबू का जरा?"

दादा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"मिरचे, मला शिवी दे बघू."

"गप रे," मी म्हटलं. आणि प्रोब पुसायला घेतला.

"म्हणजे खडा नाही."

"डॉक्टर सांगतील. मी सांगायचं नसतं."

"बरं," तो म्हणाला. छताकडे बघत त्याने पोटावरचं जेल स्वतःच पुसलं, शर्ट खाली ओढला, बटणं चुकीची लावली. मी ती सोडून परत लावली. मला इतका राग आला होता, आणि तो काढायचा कुणावर? मशीनवर? ते तर खरं बोललं होतं.

वहिनी आत आली. "झालं? काय निघालं?"

"खडाच गं," दादा म्हणाला. "छोटासा." आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

"हुश्श!" वहिनी मटकन खुर्चीत बसली, लगेच उठली, आणि हसत हसत रडायलाच लागली. "मी किती वाईटसाईट विचार करत होते हो!" असं म्हणून तिने मला घट्ट मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला दार दिसत होतं. डॉक्टर अजून आले नव्हते. ते येईपर्यंत मी तिला सोडलं नाही.