मदत न करण्याचं काम

काझुआ थाओला त्या उन्हाळ्यात गप्प बसण्याचे पैसे मिळत होते, आणि नेमकं तेवढंच तिला जमत नव्हतं.

म्हणजे कागदोपत्री ते मानसशास्त्राचं संशोधन होतं. ज्या घरांतून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही अशा घरांतल्या मुलांसाठी कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोतल्या तिच्या विद्यापीठात एक निधी होता. उन्हाळाभर दुसरीकडे राबू नका, प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन शिका, एवढाच त्याचा हेतू. तो मिळाला म्हणून काझुआने तळलेल्या कोंबडीच्या दुकानातली नोकरी सोडली होती. ऑगस्टअखेर समिती काम बघणार होती. पसंत पडलं तर पुढच्या वर्षीही निधी, नाही तर पुन्हा तेलाची कढई.

काम दिसायला साधं होतं. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला दवाखान्यांत एक चाचणी घेतात. पाच शब्द सांगायचे, मधे इकडचं तिकडचं विचारायचं आणि मग ते शब्द परत म्हणायला लावायचे. लाओसच्या डोंगरांतून अमेरिकेत आलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या, काझुआच्याच म्होंग समाजातल्या आज्या या चाचणीत हटकून नापास होतात, आणि डॉक्टर त्यांच्या नावापुढे विस्मरणाचा आजार लिहून मोकळे होतात. दोष आजीचा की चाचणीचा, हे काझुआला शोधायचं होतं. म्हणून ती घरदार चोख सांभाळणाऱ्या, आठवण शाबूत असलेल्या आज्यांचीच चाचणी घेत होती; त्याही नापास झाल्या तर दोष चाचणीचा. हा प्रश्न तिलाच सुचला होता. तिच्या प्राध्यापक डॉ. लॉरेन पेटिफर्ड यांनी समितीशी भांडून तिला निधी मिळवून दिला होता. त्या दर वर्षी कोणासाठी तरी असंच भांडत, आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत त्यांच्या अंगात जीव उरलेला नसे.

नियम एकच. शब्द वाचायचे आणि नंतर मदत करायची नाही. मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही. शेवटी कागदावर छापलेलं वाक्य म्हणायचं, "तुम्ही चांगला प्रयत्न केलात," आणि उठायचं.

जुलै सरता सरता काझुआ आज्यांच्या घरी घेतलेल्या चाचण्यांची ध्वनिमुद्रणं ऐकून इंग्रजीत उतरवायला बसली. पहिलंच होतं येर मोआ आजीचं. आजी तीन शब्द म्हणून अडली, आणि मग काझुआला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"आजी, भरतकाम करताना बोटांत काय धरता?"

"सुई."

"आणि कपडे वर खोचून काय ओलांडायचात?"

"नदी गं, नदी."

तिने दुसरं लावून बघितलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच. असं काही आपण बोललो होतो हे तिला आठवतही नव्हतं.

आठवणार तरी कसं? समजायला लागल्यापासून ती आईबरोबर दवाखान्यात जात होती. आई नुसतं "दुखतं" म्हणे. कुठे, कधीपासून, जिना चढताना जास्त की बसल्यावर, हे काझुआ सांगे. आईचं झालं की मावशीचं, मावशीचं झालं की शेजारणीचं. म्हातारं माणूस अडलं की तिचं तोंड आपोआप उघडायचं. अशा घरांत त्याला कोणी मदतसुद्धा म्हणत नाही.

तिने ठरवलं असतं तर हे कोणाला कळलंही नसतं. विभागात म्होंग समजणारं दुसरं कोणी नव्हतं आणि गुण तर झकास दिसत होते. पण हे गुण तसेच लावले तर चाचणीत काही खोट नाही असंच ठरणार होतं, आणि पुढच्या एखाद्या आजीच्या नावापुढे डॉक्टर पुन्हा तोच आजार लिहिणार होते. खरं सांगायला जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. तरी ती मॅडमकडे गेली.

"मॅडम, सगळं फुकट गेलंय," ती म्हणाली आणि झालेलं सांगितलं.

पेटिफर्ड मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

"ओरडायचं असेल तर ओरडा."

"ओरडायला अंगात जीव लागतो गं." त्यांनी चष्मा परत लावला. "दुसरी यादी असते, वेगळ्या शब्दांची. पुन्हा जा. जमतील तेवढ्या जणींकडे. आणि या वेळी तोंडाला कुलूप."

"आणि नाही जमलं तर?"

"तर समितीला मी खरं ते सांगेन. ते सहानुभूतीने ऐकून घेतील, आणि पुढच्या वर्षी म्हणतील, या मुलांना निधी देऊन उपयोग काय? तुझ्यामागून येणाऱ्यांचंही दार बंद."

येर आजीच्या घरी उन्हाने पत्रा तापला होता. आजीने किसलेली काकडी, साखर आणि बर्फ घातलेला पेला पुढे केला. "पी आधी. वाळलीस किती. त्या विद्यापीठात जेवायला घालतात की नुसतं लिहायला लावतात?"

काझुआने यंत्र सुरू करून शब्द वाचले. बदक, दोरी, छत्री, दगड, बांबू. मधले प्रश्न झाले. मग विचारलं, मघाचे शब्द सांगा.

"बदक," आजी म्हणाली. "दगड." आणि थांबली. मग नेहमीसारखी काझुआकडे बघून थोडी हसली, आता तू सांग अशी.

छत्री काझुआच्या जिभेवर होती. पाऊस आला की काय उघडता, एवढंच विचारायचं होतं. तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं आणि कागदाकडे बघत राहिली. पेल्यातला बर्फ वितळून गेला.

"रागावलीस का गं?" आजीने विचारलं. "माझं काही चुकलं का?"

आजी, तुमचे गुण कमी आले तरच चाचणी खोटी ठरेल, हे तिला सांगायचं होतं. तेही सांगायची परवानगी नव्हती. काझुआने कागदावर दोन लिहिलं.

"तुम्ही चांगला प्रयत्न केलात," तिने वाचलं.

आजीचं हसू गेलं. ती सावरून बसली, हात मांडीवर जुळवले, दवाखान्यात बसते तशी.

"बरं, डॉक्टर," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी आमच्या काझुआला बरोबर आणते. ती तुम्हाला नीट सांगेल. मला काय, सगळं आठवतं."

टोमणाच होता तो, आणि लागायचा तिथे लागला. काझुआने यंत्र बंद केलं, पेला मोरीत विसळून पालथा घातला, आणि पुढच्या आजीकडे जायला निघाली.