आधी कुठला खांदा

नीलांबरीने पोलिश लोकांच्या भांडणांत आयुष्य का घालावं, हे कोडं तिच्या माहेरी-सासरी कुणालाच सुटलं नव्हतं. वेलिंग्टनच्या विद्यापीठात इतिहास शिकवते म्हटल्यावर पुण्याचे नातेवाईक खूश व्हायचे, आणि कुणाचा इतिहास ते कळलं की विषय बदलायचे. जॉन्सनव्हिलच्या घरी पाहुणे आले की नवरा नितीश तिची ओळखच अशी करून द्यायचा, "ऐंशी वर्षांपूर्वी पोलंडात कुणी कुणाचं घर जाळलं, याचा हिच्याकडे ढीगभर डेटा आहे. फक्त गाडीची किल्ली कुठे ठेवली ते विचारू नका."

खरं कारण साधं होतं. तिच्या आईचं माहेर कोल्हापूरचं. तिथे वळिवड्याला युद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती, आणि सोनेरी केसांच्या पोरी पेरू घ्यायला यायच्या, असं घरचे लोक सांगायचे. त्या पोरी कशाला भिऊन इतक्या लांब आल्या, हे मात्र कुणाला सांगता यायचं नाही. नीलांबरीला लहानपणापासून एक खोड, अर्धं ऐकलं की तिला चैन पडत नाही. उरलेलं अर्धं ऐकण्यासाठी ही बाई चक्क पोलिश शिकली.

उरलेलं अर्धं काही गोड नव्हतं. तेव्हाच्या पूर्व पोलंडमधल्या, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या, खेड्यांत पोलिश आणि युक्रेनियन कुंपणाला कुंपण लावून राहायचे. एकमेकांच्या लग्नांत जेवायचे. युद्ध आलं आणि त्यांनी एकमेकांना कापलं. सुरुवात कुणी केली, याचं उत्तर दोन्हीकडे तयार असायचं आणि नीलांबरीला त्याचा कंटाळा आला होता. तिचा प्रश्न वेगळा होता. चेहरे सारखे, कपडे सारखे, दोन्ही भाषा दोघांनाही येणाऱ्या. मग अनोळखी माणूस आपल्यातला की त्यांच्यातला, हे अंधारात ठरवायचं कसं?

ते हातावरून ठरायचं. दोघेही ख्रिस्ती, पण पंथ वेगळे. क्रूसाची खूण करताना पोलिश माणसाचा हात कपाळ आणि छातीनंतर आधी डाव्या खांद्याला जातो, आणि युक्रेनियन माणसाचा आधी उजव्या. वाटेत अडवून म्हणायचे, खूण कर. जीव वाचणार की जाणार, ते आधी कुठला खांदा यावर. नीलांबरीने आपल्या पुस्तकात यावर आख्खं प्रकरण लिहिलं होतं. सेमिनारमध्ये ते वाचून दाखवलं तेव्हा मोठमोठे प्राध्यापक नकळत स्वतःचे खांदे चाचपून बघत होते.

पुस्तकातलं शेवटचं प्रकरण न्यूझीलंडमध्ये आलेल्या पोलिश मुलांचं होतं. सायबेरियाकडच्या छावण्यांतून इराणला आणि तिथून जहाजाने पाहिआटुआच्या छावणीत ती आली होती. त्यांच्यातल्या झोफियाबाई आता नव्वदीला टेकलेल्या, वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावात एकट्या राहायच्या. नीलांबरी गेले काही महिने त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला त्यांच्याकडे जात होती. मनातल्या मनात ती त्यांना आजीच म्हणायची, पण तोंडावर नाही, कारण बाई फटकळ होत्या. चहा पातळ झाला तर तो सिंकमध्ये ओतून पुन्हा करायला लावायच्या.

त्यांची हकीकत ठरलेली होती. वडील जंगलखात्यात अधिकारी. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात गावातल्या युक्रेनियन लोकांनी त्यांना अंगणात मारलं. थोरली बहीण हेलेना खिडकीजवळच्या मोठ्या विटांच्या शेगडीमागे लपून सगळं बघत होती. ते चेहरे तिच्या ओळखीचे होते, पण तिने आयुष्यभर एकाचंही नाव घेतलं नाही. नंतर रशियनांनी जंगलखात्यातल्या सगळ्या कुटुंबांना उचलून उत्तरेला नेलं, आई तिथे वारली, आणि हेलेनाने धाकटीला हाताला धरून जगाच्या या टोकाला आणलं. दरवेळी तेच शब्द, तोच क्रम. पाठ केलेल्या हकीकतीत काहीतरी झाकलेलं असतं हे नीलांबरीला अनुभवाने माहीत होतं, पण ते काय, याचा थांग लागत नव्हता.

एका मंगळवारी ती झोफियाबाईंकडे बसली असताना भूकंप झाला. वेलिंग्टनला भूकंपाचं कुणाला अप्रूप नाही, लोक पाव खाता खाता मान वर करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात. पण हा धक्का जोराचा होता. कपाटातल्या बशा वाजल्या, दिवा हेलकावला, आणि नीलांबरी टेबलाखाली शिरली. तिथून तिला झोफियाबाई दिसत होत्या. खुर्ची घट्ट धरून डोळे मिटून बसलेल्या. त्यांचा हात कपाळाला गेला, छातीला गेला, आणि मग आधी उजव्या खांद्याला.

जमीन थांबली. नीलांबरी टेबलाखालून बाहेर आली. विचारावं की विचारू नये? ज्या प्रश्नावर तिने प्रकरण लिहिलं, तोच प्रश्न या म्हाताऱ्या बाईला विचारायचा म्हणजे आपणही वाटेत अडवणाऱ्यांच्यातलेच झालो, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. ती खाली पडलेला चमचा उचलू लागली.

"तू बघितलंस," झोफियाबाई म्हणाल्या. "ते रेकॉर्डिंग बंद कर."

मग त्यांनी पाठ न केलेलं सांगितलं. त्या झोफिया नव्हत्याच. खरी झोफिया, हेलेनाची सख्खी बहीण, छावणीत तापाने गेली. या बाई म्हणजे शेजारच्या खोपटातल्या युक्रेनियन मजुराची मुलगी. त्यांचा बाप हेलेनाच्या वडिलांच्या हाताखाली जंगलात कामाला होता म्हणून त्यांनाही त्याच गाडीत कोंबलं होतं. छावणीत त्यांचे आईबाप दोघेही मेले. पुढे सुटकेचा हुकूम आला तो फक्त पोलिश लोकांसाठी. तेव्हा हेलेनाने या पोरीला मेलेल्या बहिणीचं नाव दिलं, आणि खूण कशी करायची ते शिकवलं. हात उजवीकडे गेला की ती बोटांवर फटका मारायची. इथे येऊन दोघी बहिणी म्हणून वाढल्या, एका गल्लीत संसार केले, आणि त्यावर पुन्हा एक अक्षरही बोलल्या नाहीत.

"माझा बाप त्या अंगणात होता का, ते हेलेनाला माहीत होतं," झोफियाबाई म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही. हो म्हणाली असती तर काय केलं असतं? पण मला रोज वाटतं, मी तिची बहीण होते की तिने पदरात घेतलेली शत्रूची पोर? तू इतकं वाचलंस. मला एवढंच सांग."

याचं उत्तर कुठल्या दप्तरात मिळणार? नीलांबरीने तसं प्रामाणिकपणे सांगितलं. बाईंनी मान हलवली, त्यांना ते अपेक्षितच होतं. मग आठवल्यासारखं म्हणाल्या, की हेलेना शेवटी हॉस्पिसमध्ये होती, औषधांच्या गुंगीत. जायच्या आदल्या दिवशी तिने झोफियाबाईंना जवळ ओढलं आणि त्यांच्याकडे बघत स्वतःच्या अंगावर क्रूसाची खूण केली. पण उलटी. आधी उजवा खांदा. बिचारीला शेवटी साधी खूणही जमेना, याचं झोफियाबाईंना तेव्हा फार रडू आलं होतं.

नीलांबरीने हातातला चमचा टेबलावर ठेवला. कित्येक वर्षं ती वृद्धाश्रमांतून म्हाताऱ्या पोलिश बायकांसमोर बसली होती. पोटच्या मुलाचं नाव विसरलेल्या, घरचा पत्ता विसरलेल्या, जेवलो की नाही ते विसरलेल्या बायका. जेवणाआधीची खूण मात्र एकीचीही चुकली नव्हती.

"मघाशी तुमचा हात आपोआप गेला," ती हळूच म्हणाली, "म्हणून लहानपणी शिकला होता तिकडेच गेला. हेलेनाचा आपोआप गेला असता, तर डावीकडे गेला असता. तो उजवीकडे तिने मुद्दाम नेला, तुमच्यासाठी."

झोफियाबाईंनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. रडल्या नाहीत. बाहेर शेजाऱ्यांच्या गाडीचा अलार्म अजून कोकलत होता, आणि एरवी त्या त्याला दोन शिव्या हासडल्याशिवाय राहिल्या नसत्या.

मग त्यांनी टेबलावरचा रेकॉर्डर बोटाने नीलांबरीकडे सरकवला.

"चालू कर. माझं खरं नाव सांगते, बापाचंही सांगते. पण आधी हे टिपून घे, की हेलेना माझी बहीण होती."