नव्या क्लचचे आठशे किलोमीटर

जावईबापूंचा धंदा म्हणजे कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना संयम शिकवणे. दोन तास बोलायचं, पडद्यावर सूर्यास्ताची चित्रं दाखवायची आणि घाईने माणसाचं किती नुकसान होतं ते पटवून द्यायचं. अशा शांत माणसाला दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटली, तर वाटो बापडी. पण तिचा मूळचा वेगही कमी पडायला लागला, म्हणून त्यांनी तिला सुपरचार्जर बसवून घेतला. म्हणजे इंजिनाच्या नरड्यात जबरदस्तीने हवा कोंबणारं यंत्र. इंजिनाला त्यामुळे हत्तीचं बळ आलं, क्लच मात्र जुनाच. चार महिन्यांत तो जळाला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागच्या जागी विचार करत बसायची.

सासरेबुवांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवलेली. क्लच का जळतोय हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. जावईबापूंचा डावा पाय क्लचवरून उठतच नसे, सोफ्याच्या हातावर हात ठेवावा तसा तिथे ठेवलेला. पण बोलणार कोण? ते लेकीच्याच घरी राहत होते, आणि त्या घरात गेले अकरा महिने गाड्यांच्या बाबतीत त्यांना कोणी काडीचीही किंमत देत नव्हतं.

अकरा महिन्यांपूर्वी लेकीच्या ऑटोमॅटिक गाडीत ते चालवायला बसले होते आणि लेक शेजारी होती. पुढे वळण आलं, वेग कमी करायचा म्हणून डावा पाय सवयीने क्लचकडे गेला. ऑटोमॅटिकला क्लच असतो कुठे? तिथे होता ऐसपैस ब्रेक. बसचा क्लच दाबायच्या जोराने त्यांनी तो दाबला, गाडी भर रस्त्यात खिळली आणि मागची व्हॅन थेट डिकीत घुसली. लेकीची मान तीन आठवडे पट्ट्यात होती. ‘अगं, पाय क्लच शोधत होता,’ हे त्यांनी तिला त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिने प्रेमाने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, बाबा, वय झालं की असं होतं, कारणं कशाला शोधायची. या प्रेमापुढे शहाण्या माणसाने काय बोलावं? चाव्या गेल्या. मग विसरभोळेपणाच्या डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ते त्यांनी केले, तरी लेकीचा जीव थाऱ्यावर येईना. शेवटी लायसन्स परत करायचा अर्ज तिने स्वतःच्या सुरेख अक्षरात भरला आणि फ्रिजवर लावून ठेवला. महिनाअखेरपर्यंत खाली फक्त सही करायची होती.

रोज पाणी घ्यायला गेलं की अर्ज समोर. सासरेबुवांना त्या कागदाची भीती वाटायची, अगदी लहान मुलाला वाटते तशी. ड्रायव्हर हा एकच शब्द त्यांच्या नावामागे आयुष्यभर होता. तो काढला तर उरतो कोण? सकाळी लवकर उठून सगळ्यांच्या आधी पेपर वाचणारा एक म्हातारा.

तर इकडे नवा क्लच आला. दोन प्लेटांचा, शर्यतीच्या गाड्यांचा, कारण साधी वस्तू जावईबापूंच्या अंगाला टोचते. गॅरेजचा मेकॅनिक हा मोजकंच बोलणारा माणूस. त्याने गिअरबॉक्स उतरवला, जुनी जळकी प्लेट काढून जावईबापूंच्या हातात दिली, नवा क्लच चढवला आणि सांगितलं की आता आठशे किलोमीटर गाडी हळू चालवायची. शहरातच, चाळीसच्या आत, सारखे गिअर बदलत. सुपरचार्जरचं नावही काढायचं नाही. तेवढ्यात नव्या प्लेटा नीट बसतात, नाहीतर यासुद्धा जळतील.

संयमाच्या गुरूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन आठवड्यांनी त्यांच्या क्लबची घाटातली दौड होती आणि त्यातले दहा दिवस ते परगावी संयम शिकवणार होते. मग गाडी चालवणार कोण? मेकॅनिकने पाना पुसता पुसता सोबत आलेल्या सासरेबुवांकडे बोट केलं.

आणि काय चमत्कार म्हणता! जो माणूस घरच्या साध्या गाडीत जिवाला धोका होता, तो पाचशे घोड्यांच्या गाडीत एकदम सुरक्षित ठरला. जावईबापूंनी बायकोला समजावलं की चाळीसच्या वेगात असं काय होणार, आणि बाबांनाही जरा विरंगुळा. गरज आपली असली की माणसाला दुसऱ्याचा विरंगुळा फार लवकर सुचतो. लेकीने खूप विरोध केला, मग अटी घातल्या. फक्त दिवसा, फोन चालू, आणि आठशे पूर्ण झाले की त्या अर्जावर सही. सासरेबुवांनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

बारा दिवस ते शहरभर फिरले. क्लच कसला, जिममधलं यंत्रच ते. पेडल दगडासारखं जड आणि पकड अशी की केसभर चुकलं तर गाडी बंद. पहिल्या दिवशी गुडघा दुखला. तिसऱ्या दिवशी दुखायचा थांबला. बाजारातून, शाळांवरून, दवाखान्यावरून, आपल्या जुन्या बसच्या मार्गाने ती लाल गाडी वीसच्या वेगाने जायची आणि सायकलवाले तिला मागे टाकताना हसायचे. सासरेबुवा त्यांना हात करायचे. इतके खूश ते बायको गेल्यापासून झाले नव्हते. शेवटच्या दोन दिवसांत मात्र ते किलोमीटरच्या आकड्याकडे बघायचं टाळू लागले. पण आकडा काय कोणाची भीड ठेवतो?

आठशे भरले तेव्हा ते गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेले. जावईबापू आणि लेक टॅक्सीने तिथे आले. मेकॅनिकने तपासून सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. जावईबापू रुबाबात बसले, लेक शेजारी बसली. गॅरेजमधून रस्त्यावर यायला छोटासा चढ होता.

गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती दोन उड्या मारून पुढे गेली आणि हातभर मागे घसरली. चौथ्यांदा जळका वास सुटला. जावईबापूंनी काच खाली करून मेकॅनिकला ऐकवलं की क्लच चुकीचा बसवलाय. मेकॅनिकने जावईबापूंच्या बाजूचं दार उघडून धरलं.

“काका, तुम्ही काढा बाहेर.”

जावईबापू उतरले. उतरावंच लागलं, चार माणसं बघत होती. सासरेबुवा बसले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढ चढली आणि रस्त्यावर आली. तिथे गर्दीचा लोंढा, थांबायला जागाच नाही, तेव्हा ती पुढे गेली. सीटा दोनच. संयमाचे गुरू स्वतःच्या गाडीकडे बघत फुटपाथवर उभे राहिले.

लेक आधी समोर बघत होती. मग खाली, त्यांच्या पायांकडे बघायला लागली. गर्दीत दर दहा पावलांवर थांबायचं, निघायचं, थांबायचं. सिग्नलला गाडी थांबली. गिअर टाकून, क्लच दाबून सासरेबुवा दिवा बदलायची वाट बघत होते.

“बाबा, तुमचा डावा पाय सारखा हलत होता. कळतं तुम्हाला?”

“कुठला पाय?” सासरेबुवांनी खरंच विचारलं.

तिने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

“त्या दिवशीही तुम्हाला कळलं नसणार. तुम्ही सांगत होतात आणि मी डॉक्टर शोधत बसले. चुकलं माझं, बाबा.”

या वाक्याची सासरेबुवांनी अकरा महिने वाट पाहिली होती. त्यावर काय बोलायचं तेही रात्री अंथरुणात ठरवून ठेवलं होतं. चांगलं झणझणीत, दोन-तीन टोमणे असलेलं उत्तर होतं ते. आता त्यातला एक शब्द आठवेना. समोरचा दिवा हिरवा झाला, पण तो त्यांना धड दिसत नव्हता. पाय क्लचवरून जरा लवकर सुटला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

बारा दिवसांत पहिल्यांदाच. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला.

लेकीने त्यांच्या हातात रुमाल दिला आणि काच खाली करून मागच्यांना हाताने थांबायची खूण केली.

“पुसा डोळे, मग गाडी काढा,” ती म्हणाली. “थांबतील ते.”