पुढच्या बैठकीची जागा

हर्शेलने होडीचं जुनं कार्पेट नव्या कार्पेटच्या पाठीवर पालथं घातलं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि गुडघ्यांवर बसून खडूने कडेकडेने रेघ ओढायला घेतली. जुनं कार्पेट कधीकाळी हिरवं होतं. आता त्याला शेवाळाचा आणि खारींचा वास येत होता, आणि हात लावला की धागे सुटून येत होते.

“जरा बाहेरून ओढा, बाबा. कडेवरून खाली दुमडायचंय ना?” दुसरं टोक ताणून धरलेली रोंडा म्हणाली.

“होड्यांना कार्पेट तू लावतेस की मी?”

“तुम्हीच. पण मागच्या वेळी कडेला कमी पडलं होतं, असं डेल सांगायचा.”

खडू थांबला. मग पुन्हा सरकू लागला, पण रेघ आता थोडी बाहेरून जात होती.

डेल हर्शेलचा एकुलता मुलगा, आणि रोंडाचा नवरा. लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली त्याची गाडी आली त्याला आता तिसरा वसंत लागला होता. तेव्हापासून ही पत्र्याची छोटी होडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. मागे इंजिनाशी हर्शेल आणि पुढे डेल, अशी ती दोघांची होडी. टेनेसी नदीच्या धरणाचं पाणी शेडपासून हाकेच्या अंतरावर होतं, पण या दिवसांत हर्शेल काठापर्यंतही गेला नव्हता. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणाला, होडीला कार्पेट लावतोय, एकट्याचं काम नाही, तुझ्या सासूची, इमोजीनची, मनगटं धरलीत, शनिवारी येशील का.

रोंडा आली होती ती मनात एक वाक्य घेऊन. गाडी चालवताना ते तिने तीन-चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं होतं. बाबा, मार्विनने मला लग्नाचं विचारलंय. बाबा, एक माणूस आहे. घरोघर गॅसच्या टाक्या भरत फिरणाऱ्या मार्विनला तिने अजून उत्तर दिलं नव्हतं. तिला हो म्हणायचं होतं; पण या घराची पायरी गमावून नाही. तिचे स्वतःचे आईबाप केव्हाच गेले होते. चर्च सुटलं की दर रविवारी ती इथल्या टेबलाशी जेवायची, आणि इमोजीन तिला लेक म्हणायची. दुसरं लग्न केलेल्या सुनेला त्या टेबलाशी कुठे बसवतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

रेघ पुरी झाली. जुन्या कार्पेटच्या मधोमध मुठीएवढं गोल भोक होतं. डेल ज्या बैठकीवर बसायचा तिचा खांब तिथून खालच्या फळीत जायचा. हर्शेलने ते भोक नव्यावर उतरवलं नाही.

“हे राहिलं,” रोंडा म्हणाली.

“राहू दे.”

त्याने जुनं कार्पेट गुंडाळून बाजूला ठेवलं आणि कटरचं पातं पुढे सरकवलं.

दोन लाकडी घोड्यांवर होडीची पुढची फळी आडवी ठेवली होती, घासून पुसून. हर्शेलने चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला आणि वासाने दोघांनीही तोंडं फिरवली. कार्पेटच्या पाठीवर लावायचं काम त्याने घेतलं, फळी तिच्याकडे दिली. रोंडाने रुंद ब्रश बुडवून टोकापासून सुरुवात केली. मधोमध आली तसा तिचा हात मंदावला. तिथे लाकूड वेगळं होतं. फिकट, नवं, गोल. भोकात लाकडी बूच ठोकून, वरून भुसा आणि गोंद भरून कुणीतरी ते इतकं घासलं होतं की बोटाला सांधा लागत नव्हता. नुसता डोळ्यांना दिसत होता.

“हे बुजवलंत तुम्ही?”

“हो.”

“का?”

“नकोय आता ते तिथे.”

रोंडाने ब्रश पुन्हा बुडवला. फिकट वर्तुळावर सोल्युशनचा पिवळा थर बसला आणि ते दिसेनासं झालं. घरून आणलेलं वाक्य तिने तिथल्या तिथे गिळलं. मुलाची जागा ज्याने स्वतःच्या हातांनी अशी मिटवली, तिथे पुन्हा कुणी बसू नये म्हणून, त्याला काय सांगायचं?

आता थांबायचं होतं. सोल्युशन ओलं असताना टेकवलं तर धरत नाही, आणि फार वाळलं तरी धरत नाही. बोट लावावं, बोटाला काही येऊ नये, आणि तरी थोडं ओढल्यासारखं वाटावं, तेव्हा खरी वेळ. तोवर दोन माणसांना शेजारी बसून राहण्यावाचून गत्यंतर नसतं. हर्शेल उलट्या बादलीवर बसला, रोंडा ट्रेलरच्या चाकावर. शेडबाहेर डॉगवूडचं झाड पांढरं झालं होतं. डॉगवूड फुललं की क्रॅपी मासे अंडी घालायला काठाशी येतात, हे त्या गावात शाळेआधी शिकवतात.

“फुललंय,” रोंडा म्हणाली.

“दिसतंय.”

एवढ्यावर ते संपलं. तेवढ्यात मागच्या दारातून इमोजीन आली, एका हातात थंड गोड चहाची बरणी, दुसऱ्या हातात पेले. स्तोत्र वाचल्याशिवाय ती सकाळी कॉफीचा थेंब तोंडात घेत नसे, आणि डेल गेल्यापासून दर शनिवारी दुपारपर्यंत उपास धरत असे. त्याविषयी ती कुणाशी बोलत नसे. तिच्या पेल्याची जागा रिकामी असायची, त्यावरून समजून घ्यायचं. आजही तिने दोनच पेले आणले होते.

“माझं लाटणं कुठाय?” तिने आल्या आल्या विचारलं.

हर्शेलने चहाचा लांब घोट घेतला.

“हर्शेल, मी सकाळी बिस्किटं बाटलीने लाटली.”

“बरी झाली होती.”

“लाटणं कुठाय?”

“कामावर आहे,” तो म्हणाला, आणि पायाशी ठेवलेलं लाटणं बुटाने जरा मागे ढकललं. “कार्पेट दाबायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. धुऊन देतो ना.”

“त्या वासाची बिस्किटं तूच खा. मला नवं आण.” इमोजीन रोंडाकडे वळली. तिचा चेहरा तिने जरा वेळ न्याहाळला, आणि जाता जाता तिच्या केसांत अडकलेला एक हिरवा धागा काढला. “डोकं दुखतंय का गं, लेकी?”

“नाही, आई. वास आहे ना.”

इमोजीनने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता. ती आत गेली.

हर्शेलने करंगळी फळीला लावून पाहिली. “चल. वेळ झाली.”

दोघांनी कार्पेट चार कोपऱ्यांनी उचललं आणि फळीवर अधांतरी धरलं.

“माझ्याकडचं आधी टेकेल. तुझं मी सांगेपर्यंत वर. एकदा टेकलं की टेकलं, मग देव आला तरी सुटत नाही.”

“असं म्हणू नका.”

“बरं, देव सोडून.”

त्याने आपली कड टेकवली आणि तळव्याने पुढे पुढे दाबत येऊ लागला. रोंडा बोटाबोटाने कार्पेट खाली सोडत गेली. मधोमध आल्यावर त्याचा तळवा थबकला. बूच त्याच्या खाली होतं. त्याने तिथली लव एकदा हलक्या हाताने सारखी केली, झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला, आणि पुढे आला. रोंडाने नजर दुसरीकडे नेली.

मग लाटणं फिरलं, मधून कडेकडे. फळी उलटी करून कडा खाली दुमडल्या, कोपऱ्यांत चिरा दिल्या, पिना ठोकल्या. दोघांनी मिळून फळी होडीत उतरवली तेव्हा ती जागच्या जागी बसली. नुसत्या पत्र्यावर पक्कड पडली तरी अख्ख्या तळ्यातल्या माशांना कळतं. हर्शेल पुढच्या भागावर चढला आणि मुद्दाम पाय आपटला. आवाज आला नाही.

“छान झालं,” रोंडा म्हणाली. तिने हात पुसले आणि गाडीची किल्ली शोधायला खिशात हात घातला. “मी निघते, बाबा.”

“निघतेस कुठे? बैठकीचं भोक राहिलंय.”

त्याने भिंतीवरचं ड्रिल काढलं आणि त्याला गोल दात्यांचं पातं बसवायला लागला. रोंडा होडीच्या काठाला धरून उभी राहिली.

“ते तर तुम्ही बुजवलंत.”

“तिथलं बुजवलं. ते डेलच्या पायांना होतं. सहा फुटांच्या वर माणूस तो.” हर्शेलने होडीच्या नाकाशी लावलेल्या छोट्या मोटरच्या पेडलकडे बोट दाखवलं, होडी हळू पुढे न्यायला पुढच्या माणसाने ते पायाने दाबायचं असतं. “तुझ्या त्या गॅसवाल्याला तिथे बसवलं तर पाय पोचायचे नाहीत. पेडल दाबायला त्याला आडवं निजावं लागेल. मासे हसतील.”

रोंडाने होडीचा काठ सोडला.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला लागतं? थंडी गेली, गावभरचे हीटर बंद झाले, आणि तुझ्या दारात गॅसचा ट्रक आठवड्यातून दोनदा उभा. एवढा गॅस जाळतं तरी कोण? इमोजीनला वाटलं तुझी टाकी गळतेय. बुधवारच्या प्रार्थनेत टाकीसाठी मागणं मागायला निघाली होती ती. मी अडवलं.”

रोंडाने तोंडावर हात धरला. हसू होतं की रडू, ते तिचं तिलाही कळेना.

“बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो. सोल्युशन वाळलं, कार्पेट लागून झालं, पण तुझं तोंड काही उघडेना.” तो पात्याचा पेच आवळत राहिला. “माणूस बरा आहे. दुकानात बोललो त्याच्याशी एकदा, आमिषाच्या किड्यांबद्दल. मेथडिस्ट आहे, त्याला त्याचा इलाज नाही. कपाळावर चार थेंब शिंपडले की झाला त्यांचा बाप्तिस्मा, आपल्यासारखं अख्खं पाण्यात बुडवत नाहीत. होडीतून पडला तर निदान एकदा पुरता भिजेल.”

“बाबा.”

“काय?”

“तुम्हाला चालेल? तो तिथे बसलेला?”

हर्शेल बादलीवर बसला. ड्रिल मांडीवर ठेवून तो होडीच्या नाकाकडे पाहत राहिला.

“मागे मी एकटा बसलो की होडीचं नाक वर होतं,” तो म्हणाला. “पुढचं काही दिसत नाही. दोन वर्षं होडी काढली नाही ती काय उगाच? पुढे वजन लागतं, पोरी.” ड्रिलचं पातं बोटाने फिरवत तो पुढे म्हणाला, “डेलच्या जागी नाही बसवत मी त्याला. म्हणून ते बुजवलं. त्याची त्याला वेगळी देतोय.”

बाहेर वारा आला आणि डॉगवूडच्या काही पाकळ्या शेडच्या तोंडाशी येऊन पडल्या.

“मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही,” रोंडा म्हणाली.

हर्शेलने ड्रिलची वायर सॉकेटमधून काढली.

“मग घाई नको. कार्पेट कापलं की परत जोडता येत नाही. होडी काही पळत नाही.”

तो खरोखरच ड्रिल गुंडाळून ठेवायला निघाला. रोंडाने त्याच्या मनगटाला धरून त्याला थांबवलं. मग ती काठावरून आत चढली, बादली उचलून पुढच्या फळीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. पाय पुढे करून तिने पेडल चाचपलं. बादली थोडी पुढे घेतली. डोळे मिटले, एका माणसाची उंची मनाशी आणली, त्याची आखूड, घट्ट पावलं, चालताना किंचित बाहेर पडणारे गुडघे. बादली अजून पुढे घेतली. मग उठून तिने बादली उचलली आणि ती होती त्या जागेच्या मधोमध नव्या हिरव्या कार्पेटवर बोट टेकवलं.

“इथे.”

“नक्की?”

“नक्की.”

हर्शेल वाकला. तिच्या बोटाकडे त्याने पाहिलं, पेडलकडे पाहिलं, एक डोळा मिटून अंतर जोखलं. मग तिचं बोट धरून जरासं मागे सरकवलं.

“पाय पुरतील की त्याचे,” रोंडा म्हणाली.

“पायांचं नाही. बैठक खाली, गुडघे वर येतात. मध्ये पोटाला जागा ठेवायला हवी.” त्याने वायर पुन्हा सॉकेटमध्ये खुपसली. “दर रविवारी इमोजीनच्या हातचं खाणार ना तो आता.”