अर्ध्यावरून परतलेलं पातं

अर्धांगवायूने आक्कांचा डावा हात गेला, पण जीभ शाबूत राहिली, असं त्यांचा नवरा म्हणायचा. आक्का सोफ्यांना कापड चढवायच्या. सगळं उजव्या हातानेच कापायचं, म्हणजे घडीचा चाकूही एका हाताने उघडणारा हवा. नवऱ्याने दुकानं पालथी घालून तसा आणला. पात्यावरची खुंटी अंगठ्याने अर्ध्यापर्यंत रेटायची, की पुढचं काम आतली स्प्रिंग करायची. आक्का पुन्हा कामाला लागल्या आणि नवऱ्याला घरात बसणारी बोलणी निम्म्यावर आली.

मग बसस्थानकावर पोलिसाने पिशवी तपासली. त्याने खुंटी रेटली, पातं खट्कन बाहेर आलं आणि बटणाचा म्हणून चाकू जप्त झाला. बटणाच्या चाकूला बंदी. आता बोला! ब्लाउजचे हुक लावायला जिला नवरा लागतो, तिच्यावर हत्यार बाळगल्याचा खटला. गुन्हा शाबित झाला असता तर चाकू जाणार होता आणि त्याच्यामागोमाग काम.

कोर्टात सरकारी वकिलांचं एकच पालुपद, शेवटी उघडते ती स्प्रिंगच ना? न्यायाधीशबाईंनी कायद्यातली व्याख्या वाचली. मुठीवरची कळ दाबताच पातं आपोआप उघडत असेल तर बंदी. पातं मिटलेलंच राहू बघत असेल आणि हाताने पातंच रेटावं लागत असेल, तर नाही. मग त्यांनी आक्कांनाच चाकू उघडायला सांगितलं.

आक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. घामाने अंगठा खुंटीवरून निसटायला लागला. त्यांनी रेटलं, पातं जरासं वर आलं आणि परत आत गेलं. पुन्हा रेटलं, पुन्हा तेच. मागे नवऱ्याने डोळे गच्च मिटले. संपलं सगळं, असं वाटून आक्कांना रडू फुटलं.

"मॅडम, अजून एकदा बघू द्या. मला येतं हो. रोज येतं."

"गरज नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पातं दोन्ही वेळा आपणहून आत गेलं. बटणाचा चाकू असा मागे फिरत नाही. तुम्हाला जमलं नाही, म्हणून तुम्ही सुटलात. घेऊन जा तो."

नवरा हात जोडून उभा राहिला. पण आक्काच त्या, जागच्या हलेनात. येत नाही असं कुणी म्हणता कामा नये. न्यायाधीशबाईंनी पुढची फाइल बाजूला ठेवली आणि त्या थांबल्या. आक्कांनी पदराने अंगठा पुसला, रेटा दिला. पातं उघडलं.

"अहो, चला आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सोफा तसाच पडलाय."