दाराखालचे रीळ

सकाळी बैठकीच्या खोलीत सर्वांत आधी येते ती आत्या. ती खिडकी उघडते, माझ्यावरचे कापडी आच्छादन काढून त्याची नीट घडी घालते आणि चिंधीने माझी काच पुसते. आधी मधला भाग, मग चारही कोपरे. बटण दाबल्यावर मी थोडा वेळ नुसताच गुणगुणतो. मग आवाज येतो आणि त्यामागून सावकाश चित्र. तोवर ती समोरच्या भिंतीशी, खिडकीच्या उजेडात ठेवलेल्या शिलाई मशीनवर जाऊन बसलेली असते, माझ्याकडे पाठ करून. बसल्या बसल्या हात लांब करून ती शेजारच्या कपाटाचे दार अर्ध्याहून थोडे जास्त उघडते आणि ते हलू नये म्हणून दोऱ्याचे एक रिकामे रीळ पायाने त्याखाली सरकवते. मशीन सुरू होते. काही वेळाने तिचा भाऊ, म्हणजे या घरातला दादा, दाढी आटोपून येतो, दार रोज कोण उघडे टाकते म्हणून पुटपुटतो, रीळ बाजूला ढकलतो आणि दार लावतो. तो ऑफिसला गेला, की आत्या ते पुन्हा उघडते.

मित्रांनो, मी एक जुना, पाठीला भले मोठे पोक असलेला दूरदर्शन संच आहे. ही सकाळ मी वर्षानुवर्षे पाहत आलो. दार लावणारा दार उघडणारीला एकदाही 'का' म्हणून विचारत नाही, हे पाहून माझ्या नळीतला पारा चढत असे. नळीत पारा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण वैताग व्यक्त करायला दुसरे साधन माझ्यापाशी कुठले?

माझा जन्म एका कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी माझ्यात तारा जोडल्या, कुणी काच बसवली, आणि शेवटी एका बाईंनी माझ्यावर रंगीत पट्टे उमटवून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. या घरी आलो तेव्हा तर माझा थाट विचारू नका. शेजारीपाजारी दारापर्यंत दाटीवाटीने बसत. वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, माझ्यासाठी आच्छादन विणले. पाहुण्यांना आधी मला दाखवत आणि मग पाणी देत.

पुढे दिवस पालटले. माझ्या डोक्यावर फुलदाणी आली, फुलदाणीखालून ओल आली. चित्र हलले की डोक्यात थापट मारायची, ही उपचाराची पद्धत घरात रूढ झाली. नंतर प्रत्येकाच्या हाती फोन आला. दादा, वहिनी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी खारू, तिघेही माझ्यासमोर बसून तीन निरनिराळ्या काचांमध्ये पाहू लागली. मी बोलत असे, गात असे, वादळाचे इशारे देत असे. खारू मान वर न करता म्हणे, "जरा आवाज कमी करा ना त्याचा."

माझ्याकडे मन लावून पाहणारी त्या घरात एकच व्यक्ती उरली होती, आणि तिची माझ्याकडे पाठ होती.

कपाटाच्या दाराला आतून आरसा आहे. दार त्या विशिष्ट कोनात उघडे राहिले, की आरशात आत्याला मी दिसतो आणि मला तिचे डोळे. मान न वळवता, कापडावरचा हात न थांबवता ती कडेने पाहते. खालून पळणारी बातम्यांची अक्षरे तिला उलटी दिसत. सरावाने ती उलटी अक्षरेही वाचू लागली. मालिकेतल्या सासूने काही कपट केले, की तिच्या भुवया वर जात आणि मशीन क्षणभर अडखळे. दिवसभर एकटीने शिवत बसणाऱ्या त्या बाईला मी सोबत होतो. हे मला ठाऊक होते आणि तिला. तिसऱ्या कुणालाही नाही.

अशात माझी तब्येत बिघडली. माणसांचे चेहरे हिरवे दिसू लागले. दुरुस्तीवाल्याने माझी पाठ उघडली, आत फुंकर मारली आणि याचे भाग आता मिळत नाहीत, असे सांगून पुन्हा बंद केली. म्हातारपण मला मान्य आहे, मित्रांनो. माझा वैताग सुरू होतो तो त्यानंतर.

कारण मग घरात नवा टीव्ही निवडणे सुरू झाले.

दुकानात मी गेलो नव्हतो, पण तिथली हकिकत इतक्या वेळा माझ्यासमोर उगाळली गेली, की मला दुकान पाठ झाले. सगळ्या टीव्हींवर एकच मासा पोहत होता. दादाला तो मासा जितका मोठा तितका हवा होता. वहिनीला ज्यावर धूळ दिसणार नाही असा टीव्ही हवा होता. खारूला पडद्याची कड अजिबात नको होती. तिघे परत आले ते तीन टीव्हींची माहितीपत्रके घेऊन, आणि मग रोज माझ्यासमोर बसून भांडू लागले. इंच, कोन, रंगांची खोली, आवाजाची खोली. मी हिरव्या चेहऱ्यांनिशी बातम्या सांगत होतो. कुणाचे लक्ष नव्हते.

दादा नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला आहे. मापावाचून त्याला घास गिळत नाही. एका रविवारी आत्या गिऱ्हाइकाकडे गेलेली असताना त्याने नव्या टीव्हीच्या आकाराचा पुठ्ठा तयार केला, त्यावर काळा कागद चढवला आणि टीव्ही कसा दिसेल ते कळावे म्हणून भिंतीवर चिकटवला. पुठ्ठा मावेल अशी भिंत एकच होती: मशीनची. आठवड्याने त्याला तो लहान वाटू लागला, म्हणून त्याने चारी बाजूंनी पट्ट्या जोडून तो वाढवला. तुम्हाला खोटे वाटेल, पण चहा पिताना तिघेही त्या काळ्या पुठ्ठ्याकडे टक लावून बसत. जिवंत चित्र दाखवणारा मी कोपऱ्यात, आणि पुठ्ठ्याचे कौतुक चाललेले!

मग एका संध्याकाळी दादाने निकाल सांगितला. टीव्ही इथेच लागेल, कपाट कोपऱ्यात सरकेल आणि मशीन आतल्या खोलीत जाईल. आतल्या खोलीला खिडकी नाही, हे वहिनीने हळूच सुचवले.

"चांगला दिवा लावून देऊ," दादा म्हणाला. "नाही तरी ती कुठे टीव्ही बघते? कायम पाठ करून बसलेली."

आत्या काज करत होती. ती फक्त "बरं" म्हणाली. पण आरशात मला तिचे डोळे दिसले आणि माझा आवाज माझ्या हाती नाही, याचा इतका संताप मला पूर्वी कधीच आला नव्हता.

दोन दिवसांनी तिला एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही कापायची होती. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मापांचे पुठ्ठे ती कपाटाच्या तळाशी ठेवते. तिने गठ्ठा काढला. तो निम्माही उरला नव्हता. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मशीनवर वाकताना तिची नजर समोर गेली. दमट हवेने काळ्या कागदाचा कोपरा सुटला होता आणि त्याखालून पेन्सिलीची एक वळणदार रेघ डोकावत होती. आत्याने नखाने कागद अजून थोडा सोडवला. मग ती शांतपणे आपल्या जागी बसली आणि दादा कचेरीतून येईपर्यंत शिवत राहिली.

तो आला, तेव्हा वहिनी आणि खारूही तिथेच होत्या.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या टीव्हीला बाह्या आहेत."

त्याला काही कळेना. तिने काळा कागद पूर्ण ओढून काढला. भिंतीवर कुणाची पाठ होती, कुणाची कॉलर, कुणाचा दंड. सगळे कापून, जोडून, मोठ्या निगुतीने चौकोनी केलेले. खारूला हसू आले आणि मग तिने ते गिळले.

"मला वाटलं, रद्दी आहे," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"इतकी वर्षं रोज कपाटाचं दार लावतोस. आत काय आहे ते विचारलं नाहीस कधी?"

तो अवघडला. काहीतरी करायला हवे म्हणून, सवयीने, त्याचा हात कपाटाच्या दाराकडे गेला.

"ते उघडं राहू दे," आत्या म्हणाली. "मला दिसत नाही मग."

"काय दिसत नाही?"

"टीव्ही."

खारू पुढे झाली, आत्याला उठवून तिच्या स्टुलावर बसली आणि आरशात पाहू लागली. मी तिला पूर्ण दिसलो असणार, कारण मलाही तिचे डोळे दिसले. त्यांत फोनचा उजेड नव्हता. "बाबा, तुम्ही बसा इथे," एवढेच ती म्हणाली. दादा बसला. बराच वेळ उठला नाही. मालिकेतली सगळी गुपिते आत्याला कुठून कळतात, याचे कोडे इतक्या वर्षांनी उलगडल्याचे वहिनी आपल्याशीच बोलत होती. ती शेजारणीवर संशय घेत आली होती.

त्यानंतर इंचांवर चर्चा झाली नाही. दादाने पुठ्ठा भिंतीवरून उतरवला आणि चार संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून, आत्याला विचारत विचारत, एकेक माप नव्या पुठ्ठ्यावर उतरवून दिले. मशीन जिथे होते तिथेच राहिले. मग तो एकटाच दुकानात गेला. जाताना त्याने वहिनीचा हातआरसा खिशात टाकला होता. तिथे तो म्हणे प्रत्येक टीव्हीकडे पाठ करून उभा राहिला आणि आरशात बघत, कान देत होता. विक्रेत्याने मालकाला बोलावून आणले. दादाने निवडलेला टीव्ही मध्यम आकाराचा आहे. माझ्याच कोपऱ्यात, माझ्याच टेबलावर बसेल असा.

मित्रांनो, आज माझा निरोपाचा दिवस आहे. जुने संच सुटे करणारा माणूस दारात उभा आहे. माझी काच आज कुणीही पुसली नसती तरी चालले असते, पण आत्याने ती पुसली, कोपऱ्यांसकट. तुम्ही घरात नवी वस्तू आणाल, तेव्हा भिंती जरूर मोजा. पण त्याआधी तुमच्या घरातली माणसे कुठे बसतात, कुठे बघतात आणि कशाच्या सोबतीने काम करतात, ते त्यांना विचारा. जे गप्प बसतात त्यांना तर आधी विचारा.

मला उचलून दाराकडे नेले, तेव्हा नवा टीव्ही माझ्या जागी लागला होता. आत्या मशीनवर बसली. कपाटाचे दार मिटलेले होते. तिने हात लांब करण्यापूर्वीच दादा तिथे पोहोचला, त्याने दार अर्ध्याहून थोडे जास्त उघडले, जमिनीवरचे रीळ शोधले आणि खाली वाकून ते दाराखाली घट्ट बसवले.